ज्याचा त्याचा प्रश्न

कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं ते मार्कांसाठी. गणितासारखे पैकीच्या पैकी पडतात, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. साल 1981, गाव अमळनेर. विषय शिकवणाऱ्या सरांचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव छापून आलेलं त्यांना कधीच आवडायचं नाही. पण पुढे रुग्णालयात नोकरी करताना मला जे थोडंफार कळलं, त्याच्या मुळाशी हे सर आहेत. ते कुठेतरी लिहून ठेवावं, असं ते गेल्यापासून मनात होतं.

आमचं घर माळकरी. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की वडील गिरणीतून रजा काढायचे आणि बोरी नदीच्या पात्रातल्या गर्दीत आम्हाला घेऊन फिरायचे. देव, आत्मा, मागचा जन्म या गोष्टी आमच्या घरात पिण्याच्या पाण्याइतक्या नेहमीच्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नसे. त्यामुळे वर्गात एकदा आत्म्याचा विषय निघाला, मुलांची वादावादी सुरू झाली, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "सर, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी मानतं, कोणी नाही मानत. दुसऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?" वर्ग गप्प झाला. आपण फार समजूतदार बोललो असं मला वाटलं. सर "बरं" म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी घेतल्यावर विचारलं, "पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना कधी उघडलं?" कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी साने गुरुजींची हकिकत सांगितली. गुरुजी आमच्याच गावच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांची आई झाले होते, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. शाळेत लागण्याआधी ते गावातल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले होते, हे मात्र ठाऊक नव्हतं. हरिजनांना विठ्ठलाचं दर्शन मिळावं म्हणून त्यांनी आधी सगळा महाराष्ट्र पालथा घातला, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले. देऊळ उघडायचं ठरेपर्यंत, म्हणजे 10 मे पर्यंत, ते चाललं.

सरांनी एवढं सांगितलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आत्मा सगळ्यांत एकच आहे, हे दार अडवणारेही मानत होतेच की. कीर्तनात माना डोलावत होते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांचा खाजगी प्रश्न होता. मग उंबऱ्याच्या बाहेर जो उभा होता त्याचा प्रश्न कोणता?"

मला उत्तर आलं नाही. सरांनी ते मागितलंही नाही. तास पुढे सुरू झाला.

त्यानंतर एका रविवारी ते आम्हा चारपाच जणांना तत्त्वज्ञान मंदिर दाखवायला घेऊन गेले. अमळनेरसारख्या गिरणीच्या गावात अशी संस्था आहे, याचं मला आज जेवढं नवल वाटतं तेवढं तेव्हा वाटलं नाही. श्रीमंत प्रतापशेठजींनी 1916 साली ती सुरू केली. अद्वैताचा अभ्यास करणाऱ्यांना इथे राहायची, जेवायची, वाचायची सोय होती. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे येऊन राहिले. जी. आर. मलकानींनी इथून इंग्रजी त्रैमासिक चालवलं, ते देशभरच्या विद्यापीठांत वाचलं जायचं. सरांनी कपाटातून एक पुस्तक काढून दाखवलं. 1933 सालचं, अज्ञान या एकाच विषयावर. लेखक तीन : मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. तिघांची मतं वेगळी, म्हणून तिघांनी आपापलं वेगळं लिहिलं आणि एकत्र बांधून छापलं. सरांना हे फार आवडायचं. "एका छपराखाली राहिले, एका पंगतीत जेवले, आणि एकमत झालं नाही ते तसंच छापलं," म्हणाले.

माझ्या मनात मात्र वेगळंच आलं होतं. भोंगा झाला की कामगारांचे लोंढे रस्त्यांवरून गिरणीकडे निघत. त्यांतल्या कोणाला, माझ्या वडिलांना तरी, या मंदिरात काय चालतं ते माहीत होतं का? मी तसं विचारलं. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. ते यांचं राहून गेलं." संस्थेबद्दल त्यांना अपार आदर होता आणि तरी ते असं म्हणाले, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. माझं आजचं मत त्यांच्याहून थोडं सौम्य आहे. इतका खोल विचार करायला निवांतपणा लागतो आणि तो कोणीतरी पुरवावा लागतो. पण तिथला विचार गावात उतरवायला पुन्हा एक शाळामास्तरच लागला, हेही खरं.

त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि माझं कॉलेज सुटलं. नर्सिंगला विद्यावेतन मिळतं हे सरांनीच घरी येऊन सांगितलं. अर्ज त्यांनी भरून घेतला, मुंबईला जायचं भाडं आणि वरखर्चाचे पैसे आईच्या हातात दिले. आई म्हणाली, "सर, पोरगी कमवायला लागली की फेडेल." सर म्हणाले, "पैसे नकोत. तिने मला पत्रं लिहावीत. ती जे बघेल ते मला इथे बसून दिसणार नाही." मला वाटलं, आईला संकोच वाटू नये म्हणून म्हणतायत. पण पत्र यायला उशीर झाला की त्यांचं कार्ड यायचं : 'चि. स आशीर्वाद. हप्ता थकला आहे.'

सुरुवातीची माझी पत्रं म्हणजे नुसती रड होती. पाय दुखतात, मेस वाईट, सिस्टर ओरडतात. ते त्यातूनही काहीतरी शोधून विचारायचे. मृताचं अंग पुसताना तुम्ही बोलता का त्याच्याशी? का बोलता? वॉर्डात कोणता रुग्ण कोणाच्या हातचं पाणी पीत नाही, असं अजून होतं का? मी पाहायला लागले ते उत्तर द्यायचं असायचं म्हणून.

1987 च्या अखेरीस मुंबईत 'रिडल्स'चं प्रकरण पेटलं. बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र सरकारने त्यांच्या समग्र लेखनाच्या चौथ्या खंडात छापलं होतं. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून एका बाजूने ते काढून टाका म्हणून मोर्चे निघाले, दुसऱ्या बाजूने हात लावाल तर याद राखा म्हणून. आमच्या होस्टेलमध्येही दोन तट पडले. माझ्या खोलीतली विदर्भातली मैत्रीण एका बाजूला, समोरच्या खोलीतल्या मुली दुसऱ्या बाजूला. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही जेवणाच्या वेळा बदलून एकमेकींना टाळायला लागलो. पुस्तक आमच्यातल्या एकीनेही वाचलेलं नव्हतं. पुढे, या मजकुराशी सरकार सहमत आहे असं समजू नये, अशा अर्थाची टीप घालायचं ठरलं आणि भांडण निवळलं.

मी सरांना लिहिलं की श्रद्धेच्या गोष्टी लोकांनी घरात ठेवल्या असत्या तर हे झालंच नसतं. म्हणजे माझी गाडी पुन्हा पहिल्याच स्टेशनावर. उलट टपाली उत्तर आलं. ज्यावरून भांडतायत ते नंतर वाच, आधी बाविसावं कोडं वाच, आणि खोलीतल्या मैत्रिणीबरोबर वाच.

तिने तो खंड कुठूनसा मिळवला. रात्रपाळी नसेल तेव्हा शब्दकोश घेऊन आम्ही दोघी बसायचो. त्या प्रकरणात बाबासाहेब महावाक्यांपासून सुरुवात करतात. सगळं ब्रह्म आहे, मी ब्रह्म आहे, तूही तेच आहेस. माणसामाणसांतली समता उभी करायला याहून भक्कम पाया दुसरा कोणता, असं ते मानतात. आणि मग विचारतात की एवढा पाया हाताशी असताना त्यावर समतेचा समाज का उभा राहिला नाही? ब्रह्म एकीकडे आणि जातीचा आचार दुसरीकडे, हे शेजारी शेजारी इतकी शतकं कसे नांदले? असल्या ब्रह्माचा उपयोग काय?

मी ते वाचून सुन्न झाले. सरांनी वर्गात विचारलेला उंबऱ्याचा प्रश्न हाच होता. माझी मैत्रीण मात्र शांत होती. ती म्हणाली, "तुला हे आज वाचून कळतंय. माझ्या आजीला विहिरीवर कळलं होतं." हे मी सरांना जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यांनी उत्तरात लिहिलं की तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग, मी वर्गात जे वर्षभर शिकवतो ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.

नव्वदच्या दशकात माझी बदली आयसीयूत झाली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे हा कायदा संसदेने करावा असे ठराव आधी राज्यांच्या विधानसभांनी केले होते, आणि त्यांत गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र होता. या कायद्याने पहिल्यांदा मेंदूच्या खोडाचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू असं मान्य केलं. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांनी पुन्हा तपासतं, दोन्ही वेळा सह्या होतात, आणि मग तो माणूस गेलेला असतो. छाती मशीनवर हलत असते, अंग गरम असतं, मॉनिटरवर ठोके दिसत असतात.

मोटरसायकलवरून पडलेला एक मुलगा होता. त्याच्या आईने माझा हात धरला आणि त्याच्या छातीवर ठेवला. "सिस्टर, हे काय आहे मग?" डॉक्टरांनी समजावलेलं सगळं मला पाठ होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून फुटलं नाही. मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले.

हे कळवल्यावर सरांचं आलं ते आजवरचं सगळ्यात लांब पत्र. त्यात त्यांनी एकही उपदेश केला नव्हता. मेंदूचं खोड बंद पडलं आहे हे डॉक्टर तपासून सांगू शकतात, त्यात तुझं-माझं मत चालणार नाही. पण तेवढं बंद पडलं की माणूस संपला, हे कुठल्याही तपासणीत दिसत नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. ठरवलं ते बरं केलं का, यावर बोलता येईल, बोलायलाच हवं. त्या आईला हे ठरवताना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती तुला विचारते आहे. आणि शेवटी एक प्रश्न : अवयव द्यायचे नसतील तर याच मुलाला कायदा काय म्हणतो?

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी चक्रावले. मेंदूमृत्यूची ती व्याख्या आहे प्रत्यारोपणाच्या कायद्यात. जन्ममृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाची सगळी लक्षणं कायमची नाहीशी होणं. म्हणजे त्याच खाटेवरचा तोच मुलगा, घरचे अवयव द्यायला तयार असतील तर मृत, आणि नसतील तर काय ते नीट सांगता येत नाही. मशीन बंद करायला डॉक्टर बिचकतात. आपल्या देशात मरण म्हणजे काय याची दोन उत्तरं एका वेळी चालू आहेत, आणि आम्ही रोज त्यांच्या मधल्या जागेत ड्युटी करतो. सरांना हे कळवलं तेव्हा ते लिहितात : 'मी चाळीस मुलांना व्याघात कशाला म्हणतात ते शिकवतो. तो पगारी नोकरीवर पाहिलेली तूच.'

2011 साली अरुणा शानबाग या परिचारिकेच्या खटल्याचा निकाल लागला. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून ती त्याच रुग्णालयात पडून होती. पत्रकार पिंकी विराणींनी सर्वोच्च न्यायालयात मागणी केली होती की तिला आता या जगण्यातून सुटू द्यावं. सरांचं मत त्याच बाजूचं होतं. तोवर आमच्याकडे मोबाइल आले होते, पत्रं बंद झाली होती. ते फोनवर म्हणाले, "श्वास चालतो एवढ्यावर आपण तिला जिवंत म्हणतो, हे तिच्यावर लादणं नाही का?"

आणि मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोर नाही, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाहेरच्या माणसाला तो शब्द कळत नाही; एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी ती जखम. रोज, दर दोन तासांनी, कोणीतरी कूस बदलली, पाठ कोरडी ठेवली, चादरीची चुणी काढली. सुरुवातीच्या मुली निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतर तिला कधी चालताना न पाहिलेल्या मुली आल्या, आणि हे थांबलं नाही. आवडीचं खाणं भरवलं की तिच्या चेहऱ्यावर उमटतं, असं केईएमकडून कोर्टाला सांगितलं गेलं होतं. मी म्हणाले, "सर, माणूस नुसता त्याच्या डोक्यात नसतो. चार दशकं जो वॉर्ड तिच्याभोवती फिरतो, त्यात ती आहे. तुम्ही त्या खाटेजवळ उभे नव्हता."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "मला पटलं असं नाही. पण हे मला सुचलंच नव्हतं. बेटा, हे तू फोनवर म्हाताऱ्या मास्तराला का सांगतेस? जिथे सांगायला हवं तिथे सांग."

न्यायालयाने 7 मार्चच्या निकालात विराणींची मागणी फेटाळली. तिच्या बाजूने बोलायचा हक्क तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, असं म्हटलं. आणि त्याच निकालात, जगवणारे उपचार थांबवण्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाटही दिली. म्हणजे सरांचा मुद्दा आणि माझा मुद्दा दोन्ही त्या कागदात आले. त्यानंतर आमच्या रुग्णालयात या विषयावर एक चर्चा ठेवली होती. अशा ठिकाणी मी मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहणारी. त्या दिवशी उभी राहिले आणि सरांना सांगितलं होतं तेच तुटक तुटक बोलले. काही डॉक्टरांना ते भावनिक वाटलं, आणि त्यांचंही सगळंच चूक होतं असं नाही. पण तेव्हापासून कुटुंबाला बसवून बोलायचं असलं की परिचारिकेलाही बोलावलं जाऊ लागलं. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणा गेली, तेव्हा सरांचा फोन आला. ते काही बोलले नाहीत, "आहेस ना?" एवढंच विचारलं.

सर स्वतः देव मानत होते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. यात्रेला ते दरवर्षी जायचे, गर्दीत एका कडेला उभे राहायचे. हात जोडलेले मी पाहिलेले नाहीत आणि कोणी जोडले तर हसलेलेही पाहिलेले नाहीत. एकदा मी स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, "ते मात्र खरोखर ज्याचं त्याचं." माझंच वाक्य इतक्या वर्षांनी मला परत मिळालं, आणि ते कुठे लागू पडतं तेही तेव्हा कळलं.

2023 च्या उन्हाळ्यात त्यांनी मला अमळनेरला बोलावून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलेल्या इच्छापत्राची अट त्या वर्षी सोपी केली होती. मरणाच्या दारात असताना आणि स्वतः बोलता येत नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं असतं ते. सरांनी ते मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पण सही करण्याआधी त्यांनी दोन्ही मुलांना, सुनांना आणि शेजारच्या डॉक्टरांना समोर बसवलं आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवून आक्षेप विचारले. धाकट्या मुलाने एका ओळीवर हरकत घेतली. दुपारभर बोलणं चाललं. ती ओळ सरांनी बदलली. साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे. पुढच्या वर्षी ते घरीच गेले, आणि त्या कागदावर होतं तसंच सगळं झालं. कोणाला कोणाकडे बोट दाखवावं लागलं नाही.

वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. असा कागद आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येतो. त्याची एक प्रत नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तो करावा की नाही हे तुम्ही ठरवा. पण एकट्याने बसून करू नका आणि कपाटात लपवून ठेवू नका. घरच्यांना समोर बसवा, आणि ज्याला पटत नाही त्याला आधी बोलू द्या.